सावलीची सही

रस्त्यावर एक कामगार मोठा आरसा हलवतो आहे. आरसा जरा तिरका झाला आहे आणि त्याच्या काचेत, नेमक्या त्या क्षणी, एक बाई उभी आहे. कॅमेरा पोटाशी धरलेला, चेहरा गंभीर. छायाचित्रकार व्हिव्हियन मायर यांचं हे १९५५ सालचं आत्मचित्र. तो आरसा त्यांच्यासाठी कुणी मांडून ठेवलेला नव्हता. आणखी दोन पावलं पडली असती तर त्यात आकाश आलं असतं, नाहीतर समोरच्या इमारतीची भिंत. आरसा येताना दिसणं, आपण त्यात कुठे उमटू याचा अंदाज घेणं, तिथे जाऊन थांबणं आणि खटका दाबणं, हे सगळं काही क्षणांत झालेलं आहे. या चित्राला रस्त्यावरची फोटोग्राफी म्हणायचं की आत्मचित्र, हे मला सांगता येत नाही. दोन्ही एकाच खटक्यात झालं आहे.

हे चित्र मी अनेकांना दाखवलं आहे. पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच येतं, ‘बिचारी किती एकटी असेल!’ त्या ‘बिचारी’ शब्दाबद्दल मला लिहायचं आहे. माझं म्हणणं असं की दुर्लक्षित राहिलेल्या छायाचित्रकार स्त्रियांनी काढलेली स्वतःची चित्रं आपण फार चुकीची वाचतो. आपण त्यांत एकाकीपणा आणि गूढ शोधतो, कुठली तरी लपवलेली जखम शोधतो. मला ती सही वाटते. जिच्या चित्राखाली कुणीही नाव छापणार नव्हतं, तिने चित्राच्या आतच स्वतःची नोंद करून ठेवली: मी इथे होते, हे मी पाहिलं, कॅमेरा माझ्या हातात होता. ही सही वाचायला शिकलो तर कलेच्या इतिहासात या स्त्रियांची जागा कुठे, याचं उत्तरही बदलतं.

मायर यांची गोष्ट आता पुष्कळांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगते. जन्म १९२६ चा, न्यूयॉर्कचा. आई फ्रेंच, वडील ऑस्ट्रियन. १९५६ पासून शिकागोत मुलं सांभाळण्याची नोकरी, ती जवळजवळ चाळीस वर्षं. २००७ साली भाडं थकलं म्हणून गोदामात ठेवलेलं त्यांचं सामान लिलावात निघालं. जॉन मालूफ नावाच्या तरुणाने सुमारे चारशे डॉलरला जी खोकी घेतली त्यांत तीसेक हजार निगेटिव्ह होत्या. इतर खोकी इतरांनी नेली. सगळं मिळून आकडा लाखाच्या पुढे जातो, आणि शेकडो रोल तर कधी धुतलेच नव्हते. २००९ च्या एप्रिलमध्ये मायर गेल्या. त्यांची चित्रं इंटरनेटवर गाजायला लागली ती त्यानंतर काही महिन्यांनी.

इथे भाषेबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. या लेखाचा पहिला खर्डा लिहिताना मी पुरुष छायाचित्रकारांना ‘ते’ लिहीत होते आणि मायर यांना ‘ती’. मुद्दाम नाही, हात आपोआप तसा चालला. ‘ती मुलं सांभाळायची’, ‘ती फोटो काढायची’. मराठीत एवढ्या एका सर्वनामात माणूस कलावंताच्या जागेवरून खाली उतरतो आणि घरकामाच्या जागी जाऊन बसतो. म्हणून सगळ्या जणींना ‘त्या’ केलं. आणि वाक्यं वाचताना मलाच जाणवलं की ‘त्यांनी फोटो काढले’ म्हटल्यावर ‘बिचारी’ हा शब्द त्या वाक्यात बसत नाही.

आता एकाच प्रकारच्या वागण्याची दोन वाचनं पाहू. गॅरी विनोग्रँड हे अमेरिकी रस्ता-फोटोग्राफीतलं मोठं नाव. १९८४ साली ते गेले तेव्हा त्यांच्यामागे सुमारे अडीच हजार न धुतलेले रोल राहिले होते. धुतलेले पण कधी नीट पाहिलेही नाहीत असे हजारो रोल वेगळेच. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने पुढाकार घेतला, ते रोल धुऊन घेतले आणि १९८८ साली मोठं प्रदर्शन भरवलं. शेवटच्या काळातलं त्यांचं काम किती चांगलं यावर मतभेद झाले, टीकाही झाली. पण तो सगळा वाद कामावर होता. न धुतलेल्या रोलांवरून कुणी त्यांना विक्षिप्त, लपूनछपून जगणारा माणूस ठरवलं नाही. काढण्याची ओढ इतकी की बघायला वेळ उरला नाही, असं म्हटलं गेलं. मायर यांचे न धुतलेले रोल निघाले तेव्हा मात्र पहिला प्रश्न पडला तो त्यांच्या मनाच्या अवस्थेबद्दल. पैशांबद्दलचा साधा प्रश्न कितीजणांनी विचारला? रोल विकत घेणं, धुणं, छापणं याला पैसे लागतात, डार्करूम लागते. एका घरी असताना मायर यांनी स्वतःच्या न्हाणीघराची डार्करूम केली होती. ती नोकरी संपली तशी डार्करूमही गेली.

दुसरी जोडी आत्मचित्रांचीच. अमेरिकी छायाचित्रकार ली फ्रीडलँडर यांनी १९७० साली आपल्या आत्मचित्रांचं पुस्तक काढलं. दुकानाच्या काचेतलं प्रतिबिंब, रस्त्यावर पडलेली सावली, आणि त्यातलं सगळ्यात गाजलेलं चित्र म्हणजे पुढे चाललेल्या एका बाईच्या फरकोटावर उमटलेली त्यांच्या डोक्याची सावली. फोटोग्राफीच्या इतिहासात या चित्रांना मानाची जागा आहे. छायाचित्रकाराने स्वतःला चौकटीत घेऊन चौकटीबद्दलच प्रश्न उभा केला, असं त्यांचं विवेचन होतं, आणि ते मला पटतं. काम खरोखर मोठं आहे. पण दुकानाच्या काचा, आरसे आणि सावल्या घेऊन मायर १९५० च्या दशकापासून हेच करत होत्या. फ्रीडलँडर यांची सावली ही रचना ठरली आणि मायर यांची सावली हे दुःख ठरलं. चित्रं शेजारी ठेवून पाहिली तर हा फरक चित्रांत सापडत नाही. तो आपण बाहेरून आणलेला आहे.

मायर ज्या कॅमेऱ्याने काम करत त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सहीचा मुद्दा तिथे हाताला लागतो. रोलीफ्लेक्स हा दोन भिंगांचा कॅमेरा. वरचं भिंग बघायला, खालचं फिल्मवर चित्र उमटवायला. तो डोळ्याला लावायचा नसतो. पोटाशी धरायचा आणि वरून, खाली मान घालून, एका चौकोनी काचेत पाहायचं. समोरचं दृश्य त्या काचेवर उमटतं ते सुलटं, पण डावीकडचं उजवीकडे गेलेलं. मी असा एक जुना कॅमेरा उसना आणून कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले. थोडं डावीकडे सरावं म्हणून सरकले तर काचेतलं चित्र भलतीकडेच पळालं. मग लक्षात आलं की आरशाने आपल्याला एकदा उलटं केलेलं असतं आणि ही काच पुन्हा एकदा उलटं करते. म्हणजे त्या छोट्या काचेवर आपण स्वतःला रोजच्या आरशासारखे दिसत नाही, इतरांना दिसतो तसे दिसतो. भांग योग्य बाजूला, तीळ योग्य गालावर. मला ते पाहून क्षणभर दचकायला झालं. मायर वर्षानुवर्षं, शेकडो वेळा, मान खाली घालून या काचेत स्वतःकडे पाहत आल्या. जगाला आपण कशा दिसतो हे त्यांना नीट माहीत होतं.

आणखी एक. या कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच चित्रं बसतात. बारापैकी एक स्वतःवर खर्च करायचं म्हणजे तो निर्णय असतो, चाळा नसतो. शिवाय कॅमेरा पोटाशी असल्यामुळे चेहरा झाकला जात नाही. डोळ्याला लावलेल्या कॅमेऱ्याने आरशात स्वतःचा फोटो काढला तर अर्धा चेहरा यंत्रामागे जातो. रोलीफ्लेक्समध्ये चेहरा वर मोकळा राहतो, कॅमेरा खाली स्पष्ट दिसतो, आणि दोन्ही हात त्याच्यावर. मायर यांची आरशातली चित्रं काळजीपूर्वक पाहिली तर बहुतेकांत बाई आणि कॅमेरा यांना सारखीच जागा दिलेली आहे. चेहऱ्यावर हसू नाही, केस सावरलेले नाहीत, गोड दिसण्याची धडपड नाही. एखादा सुतार रंधा हातात घेऊन उभा राहील तशा त्या उभ्या आहेत. हा माझा धंदा, असं सांगणारं उभं राहणं आहे ते. त्याला एकाकीपणाचं चित्र म्हणताना आपण त्यांच्या हातांकडे बघतच नाही.

इल्झे बिंग यांचं १९३१ सालचं, पॅरिसमध्ये काढलेलं आत्मचित्र याच जातीचं आहे. दोन आरसे असे लावलेले की एकात त्या समोरून दिसतात आणि दुसऱ्यात बाजूने, आणि दोन्हीकडे लायका कॅमेरा हजर. त्या काळात छोटा लायका घेऊन पॅरिसच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या बिंग यांना बऱ्यापैकी नाव मिळालं होतं. पुढे युद्ध, स्थलांतर, न्यूयॉर्कमध्ये नव्याने सुरुवात. १९५९ साली त्यांनी फोटोग्राफी सोडली. मग पंधरावीस वर्षं त्यांचं नाव फारसं कुणी घेतलं नाही.

मात्र मायर यांच्या कितीतरी आधी, काचेच्या प्लेट्सच्या जमान्यात, अ‍ॅलिस ऑस्टन यांनी स्वतःची चित्रं आणि रस्त्यावरची चित्रं या दोन्ही गोष्टी केल्या होत्या. जन्म १८६६ चा, घर न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावर. लहानपणीच कॅमेरा हातात पडला आणि रसायनं जाणणाऱ्या मामाकडून प्लेट धुण्याचं तंत्र मिळालं. १८९१ मधलं त्यांचं एक चित्र आहे. त्या स्वतः आणि मैत्रीण, दोघी पेटीकोटात, केस मोकळे, तोंडावर मुखवटे, ओठांत सिगारेट. दोघी एकमेकींचं आरशातलं प्रतिबिंब वाटाव्यात इतक्या सारख्या उभ्या आहेत. त्या काळच्या एका पाद्र्याच्या मुलीने आणि बेटावरच्या प्रतिष्ठित घरातल्या मुलीने काढलेलं हे चित्र! काढणारी स्वतः चित्रात असल्यामुळे ऑस्टन लांब रबरी नळी जोडलेला फुगा वापरत. तो दाबला की शटर उघडे. काही चित्रांत ती नळी दिसते. ती नळी पाहिली की मला फार आनंद होतो, कारण ज्या हातात तिचं टोक आहे त्या हाताचं ते चित्र आहे, यात शंकाच राहत नाही.

आणि याच ऑस्टन अवजड सामान घेऊन बोटीने मॅनहॅटनला जात. अंडी विकणारी बाई, वर्तमानपत्रं विकणारी पोरं, बूटपॉलिशवाले, झाडूवाले, पोस्टमन, पोलीस. १८९६ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यावरच्या माणसांचा त्यांचा संच छापून प्रसिद्ध झाला. एकूण चित्रं सात हजारांच्या घरात. तरीही त्यांच्या नावामागे कायमचा चिकटलेला शब्द म्हणजे ‘हौशी’. पैशांसाठी काम केलं नाही म्हणून हौशी, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. पण जिला पैसे कमावायची परवानगी किंवा गरज समाजाने ठेवली नव्हती, तिच्या कामाचं मोल तिने कमावलेल्या पैशांवर कसं ठरवायचं? हौस या आपल्या शब्दात प्रेम आहे, उत्साह आहे. ‘हौशी’ म्हणताना मात्र आपण त्यातून कसब काढून घेतो.

आत्मचित्राबद्दल बोलताना एक गुंता सोडवावा लागतो. खटका दुसऱ्याने दाबला तर ते आत्मचित्र राहतं का? फ्रेंच कलावंत क्लोद काहून यांची विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली चित्रं आज सगळीकडे आत्मचित्रं म्हणून दाखवली जातात. कधी डोकं भादरलेलं, कधी पहिलवानाचा वेश, स्त्री की पुरुष या प्रश्नालाच बाजूला सारणारी. यातली पुष्कळ चित्रं काढताना कॅमेऱ्यामागे त्यांच्या आयुष्याच्या जोडीदार मार्सेल मूर होत्या. दोघी १९३७ साली इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर राहायला गेल्या, बेट जर्मनांच्या ताब्यात असताना त्यांच्या सैनिकांमध्ये गुपचूप पत्रकं पसरवली, १९४४ मध्ये पकडल्या गेल्या, मृत्युदंडाची शिक्षा झाली, पण ती अमलात आली नाही. काहून १९५४ मध्ये गेल्या आणि चित्रं अडगळीत पडली. शतक संपता संपता त्यांचा शोध लागला तेव्हा भिंतीवरच्या पाट्यांवर एकच नाव आलं. एका विसरलेल्या कलावंताला परत आणताना शेजारी उभी असलेली दुसरी पुन्हा विसरली गेली. हे मला अतिशय लागतं. सही दोघींची असेल तर दोघींची म्हणायला हवी.

मनोबिना रॉय आणि देबलीना मजुमदार या जुळ्या बहिणींची मला याच जागी आठवण होते. १९१९ चा जन्म, बनारसजवळच्या रामनगरमध्ये वाढलेल्या. बाराव्या वर्षी वडिलांनी दोघींना कॅमेरे दिले आणि त्या आयुष्यभर फोटो काढत राहिल्या. जुळी बहीण समोर असताना काढलेलं चित्र दुसऱ्याचं म्हणायचं की स्वतःचं? १९५९ साली मनोबिना लंडनला गेल्या तेव्हा तिथले रस्ते, बागा, बाकांवर बसलेली माणसं त्यांनी टिपली. साडी नेसलेली एक भारतीय बाई लंडनकरांचे फोटो काढते आहे, हे दृश्य डोळ्यांसमोर आणून पाहा. वर्षानुवर्षं कॅमेरा नेमका उलट्या दिशेने रोखलेला होता. तरी त्यांच्या नावापुढे ओळख म्हणून आधी येतं ते पतीचं, चित्रपट दिग्दर्शक बिमल रॉय यांचं नाव.

नावाचा हा प्रश्न वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्याबाबतीत अगदी कागदावर दिसतो. जन्म १९१३ चा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये. सुरुवातीची त्यांची चित्रं छापून आली ती पती माणेकशा यांच्या नावाने. पुढे ‘डालडा १३’ हे टोपणनाव आलं. १९४२ मध्ये दिल्लीला गेल्यावर जवळजवळ तीन दशकं जे जे घडलं त्याच्या त्या साक्षीदार होत्या. त्यांनी काढलेले नेहरू, गांधी, माउंटबॅटन आपण सगळ्यांनी पाहिलेले आहेत, कितीदा तरी नावाशिवाय. १९७० मध्ये काम थांबवलं, पद्मविभूषण मिळालं २०११ मध्ये, आणि २०१२ च्या जानेवारीत त्या गेल्या. पण मला त्यांची आवडती चित्रं विचाराल तर ती मुंबईतली, सुरुवातीची आहेत. वर्गमैत्रीण रेहाना मोगल, जे. जे. मधल्या मुली, शहरात मोकळेपणाने वावरणाऱ्या तरुण बायका. स्वतःच्या वयाच्या, स्वतःसारख्या मुलींकडे त्या पाहत होत्या. तेही एका अर्थी आत्मचित्रच. पंतप्रधानांच्या चित्रांनी ती चित्रं मागे टाकली, आणि यात दोष आपण सगळे इतिहास म्हणून कशाला ओळखतो याचा आहे.

रस्त्याबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुढे जात नाही. रस्त्यावरच्या फोटोग्राफीला लागते ती मोकळी भटकंती, कारणाशिवाय उभं राहणं, टक लावून पाहणं. पुरुषाने हे केलं की तो निरीक्षक. बाईने कोपऱ्यावर दहा मिनिटं नुसतं उभं राहून दाखवावं! कुणीतरी येऊन विचारतं, काही हवंय का, कुणाची वाट बघताय का, किंवा विचारत नाही आणि बघत राहतं. बाईला रस्त्यावर असायला कारण लागतं. मायर यांच्यासोबत मुलं असत, त्यांना फिरवायला नेणं हे कारण होतं, आणि त्या मुलांना घेऊन त्या शहराच्या नको त्या वस्त्यांतही जात. हेलन लेविट न्यूयॉर्कच्या रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांचे फोटो काढताना काटकोनात पाहणारं साधन कॅमेऱ्याला लावत, म्हणजे त्या बघताहेत एकीकडे असं वाटे आणि फोटो निघे दुसरीकडचा. होमाईंच्या हातात वृत्तपत्राचं काम होतं. प्रत्येकीने रस्त्यावर उभं राहायला एक निमित्त तयार केलं. या नजरेने पाहिलं की दुकानाच्या काचेतल्या त्या प्रतिबिंबाचा अर्थ आणखी गडद होतो. आत मांडलेल्या वस्तू, मागून जाणारी गर्दी, आणि मधोमध उभी राहिलेली बाई. रस्त्याच्या चित्रात तिने स्वतःला बसवून घेतलं आहे.

आता एक आक्षेप, जो मला खरा वाटतो. मायर यांनी आपली चित्रं कुणाला दाखवली नाहीत. मग त्यांच्या पश्चात ती जगभर टांगण्याचा आपल्याला काय अधिकार? रात्री कधीतरी मलाही हा प्रश्न छळतो. गेलेल्या माणसाची पेटी उघडताना हात थरथरायलाच हवेत. पण ‘त्यांना नकोच होतं’ हे आपण फार सहज ठरवतो. त्यांच्या कागदांत फ्रान्समधल्या आईच्या मुलखातल्या एका छायाचित्र मुद्रकाला लिहिलेलं पत्र सापडलं, आपली चित्रं पोस्टकार्ड म्हणून छापून घेण्याबद्दलचं. म्हणजे इच्छा होती, निदान एका टप्प्यावर होती. दाखवलं नाही याचा अर्थ दाखवायचं नव्हतं असा काढण्याआधी विचारावं की दाखवायचं म्हटलं असतं तर कुणाला? मुलं सांभाळणाऱ्या बाईची चित्रं बघायला कोणतं दार उघडं होतं?

त्यांनी सांभाळलेल्या काही मुलांनी मोठेपणी सांगितलेल्या आठवणी चांगल्या नाहीत. मायर कठोर वागत, कधी दुखावत, असं त्यांनी सांगितलं आहे. ते मी झाकणार नाही, त्या मुलांचं दुःख खरं आहे. मात्र वाईट वागलेल्या पुरुष कलावंतांची यादी केली तर संग्रहालयांच्या भिंती रिकाम्या होतील, आणि तरीही तिथे चर्चा चित्रांपासून सुरू होते. मायर यांच्या बाबतीत ती स्वभावापासून सुरू होते आणि पुष्कळदा तिथेच संपते.

शोधणाऱ्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. मालूफ यांनी ती खोकी घेतली नसती, पुढची वर्षं त्यात घातली नसती, तर आज हा लेख झाला नसता. त्यांचे आभार मानायलाच हवेत. पण शोधणारा माणूस हळूहळू निवडणारा, छापणारा आणि गोष्ट सांगणारा होतो. मायर यांनी हयातीत स्वतः काढलेल्या प्रिंट्स पाहिल्या तर त्या अनेकदा चौकोन कापून उभ्या करत, नको ते बाजूला काढत. त्यांच्या पश्चात निघालेल्या प्रिंट्समध्ये पूर्ण चौकोन ठेवला जातो. तो सुंदर दिसतो. पण मायर यांनी घेतलेला निर्णय त्यात नाही, आणि भिंतीसमोर उभं राहून बघणाऱ्याला हे कुणी सांगत नाही.

शिवाय निगेटिव्ह विकत घेणं म्हणजे चित्राचा हक्क विकत घेणं नव्हे. हे साधं तत्त्व या प्रकरणात वर्षानुवर्षं बाजूला राहिलं. मायर यांना मूल नव्हतं, भाऊ १९७७ मध्येच वारला होता. फ्रान्समधल्या दूरच्या नातलगांचा शोध लागला, २०१४ मध्ये प्रकरण न्यायालयात गेलं, शिकागो ज्यात येतं त्या कुक काउंटीच्या सरकारी प्रशासकाने मालमत्तेचा ताबा घेतला आणि २०१६ मध्ये मालूफ यांच्याशी करार झाला. अमेरिकी कायद्याप्रमाणे मृत्यूनंतर सत्तर वर्षं, म्हणजे २०७९ अखेरपर्यंत या चित्रांवर हक्क चालू आहे. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रकाराचा हक्क मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. किती घरांतल्या पेट्यांना हा कायदा लागू आहे, याची त्या घरांनाही कल्पना नसेल. लेनिनग्राडच्या माशा इवाशिंत्सोवा २००० साली गेल्या. त्यांनी आयुष्यभर रस्ते टिपले, आरशातून स्वतःला टिपलं आणि कुणाला दाखवलं नाही. त्यांच्या मुलीला घराच्या माळ्यावर ते सगळं मिळालं २०१७ मध्ये, सुमारे तीस हजार निगेटिव्ह आणि प्रिंट्स. तिथे निदान पेटी मुलीच्या हातात पडली.

गेर्डा टारो यांचं नाव फक्त घेते. स्पेनच्या यादवीत त्यांनी काढलेली चित्रं कित्येक वर्षं प्रसिद्ध युद्धछायाचित्रकार रॉबर्ट कापा यांची म्हणून मोजली गेली. २००७ च्या डिसेंबरमध्ये साडेचार हजार निगेटिव्हच्या तीन पेट्या न्यूयॉर्कला पोचल्या तेव्हा कुठे कुणाचं काय याची नीट वाटणी सुरू झाली. शिकागोचा लिलावही त्याच वर्षीचा.

मग करायचं काय? ‘विस्मरणातल्या स्त्रिया’ नावाचं प्रदर्शन, ‘इतिहासाने विसरलेल्या’ म्हणून पुरवणीतलं एक पान, महिला दिनाच्या निमित्ताने एक व्याख्यान, हे सगळं होतं आणि झालेलं मला चालतं, मी जाते, ऐकते. पण वेगळी खोली दिली की घराची रचना तशीच राहते. मला हवं आहे ते साल पाहून शेजार लावणं. १९५५ सालच्या मायर यांच्या आरशाशेजारी फ्रीडलँडर यांची सावली टांगा आणि तारखा मोठ्या अक्षरांत लिहा. ऑस्टन यांचा १८९६ चा संच न्यूयॉर्कच्या रस्त्यांच्या इतिहासात पहिल्या प्रकरणात घ्या, परिशिष्टात नको. कला महाविद्यालयांत रस्ता-फोटोग्राफी शिकवताना मनोबिनांचं लंडन दाखवा आणि मग बाकीचे. पाटीवर पहिल्या ओळीत ‘छायाचित्रकार’ लिहा. ‘नॅनी’, ‘पत्नी’, ‘मैत्रीण’ हे लिहायचंच असेल तर खाली लिहा. मार्सेल मूर यांचं नाव जिथे नाही तिथे घाला. जिच्या प्रिंट्स तिच्या पश्चात निघाल्या, त्यांवर तसं स्पष्ट नोंदवा.

आणि सरकारी पैशांवर चालणाऱ्या संग्रहालयांनी पेट्या उघडण्याची वाट बघू नये. ज्या बाया आज सत्तरीत, ऐंशीत आहेत, ज्यांनी आयुष्यभर कॅमेरा चालवला, त्यांच्याकडे जाऊन बसावं, त्यांनी स्वतः निवडलेली चित्रं घ्यावीत, कुठलं कधी काढलं ते त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावं, आणि योग्य पैसे द्यावेत. निगेटिव्हला बुरशी लागते, रंग उडतात, आठवण पुसट होते. नंतर येणारा कितीही प्रेमळ असला तरी त्याला अंदाजच करावा लागतो.

अ‍ॅलिस ऑस्टन यांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. १९२९ च्या पडझडीत पैसा बुडाला, काही वर्षांनी घर गेलं, हजारो काचेच्या प्लेट्स स्थानिक इतिहास मंडळाकडे जाऊन पडल्या, आणि १९५० मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्या निराधारांच्या सरकारी आश्रमात दाखल झाल्या. त्यानंतर लवकरच बायकांच्या इतिहासावर काम करणाऱ्या एका संपादकाच्या हाती त्या प्लेट्स लागल्या. चित्रं छापून आली, त्यातून आलेल्या पैशांवर त्यांना चांगल्या शुश्रूषागृहात हलवता आलं. १९५१ च्या ऑक्टोबरमध्ये स्टेटन बेटावर त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. जून १९५२ मध्ये त्या गेल्या. मधले ते आठ महिने त्यांना मिळाले. प्रदर्शनाच्या दिवशी त्या चाकांच्या खुर्चीत होत्या, शेकडो माणसं आली होती, आणि कुठलं चित्र कुणाचं हे सांगायला त्या तिथे स्वतः हजर होत्या.